न कापलेला ताका

प्राचार्य वशीसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. तोवर समोर उभ्या असलेल्या प्रा. श्रीकांत वझे यांनी टेबलाच्या काचेखालचे सगळे देव पाहून घेतले होते. देवांच्या शेजारीच, पितळी पेपरवेटखाली, श्रीकांतला नोकरीत कायम केल्याची ऑर्डर टाइप होऊन पडली होती. फक्त सही व्हायची होती. दोन वर्षांची मुदत महिनाअखेर संपत होती आणि श्रीकांतच्या बायकोने, नीलाने, नाशिकला आपल्या आईला 'झालंच म्हणून समज' असं कळवूनही टाकलं होतं.

अर्ज अगदी गरीब होता. 'दुष्काळ व ग्रामीण जीवन या विषयावरील शैक्षणिक माहितीपट दाखविण्यास परवानगी मिळावी.' खरं तर त्या माहितीपटात बहात्तरच्या दुष्काळात खानदेशातल्या एका तालुक्यातल्या बायका तहसीलदाराच्या जीपसमोर तीन दिवस ठाण मांडून बसतात, गावात दुष्काळी काम सुरू करा म्हणतात आणि उठत नाहीत, एवढंच होतं. पण 'सत्तेला विरोध' असं अर्जात लिहिण्याइतका श्रीकांत शूर नव्हता. तो राज्यशास्त्र शिकवायचा. 'प्रतिकाराची सहा लक्षणे' ही त्याची टिपणं सुरतेच्या तीन कॉलेजांतून झेरॉक्स होऊन फिरत होती. वशीसाहेबांच्या केबिनमध्ये शिरताना मात्र त्याचा आवाज आपोआप खाली यायचा.

"आमां राजकारण तो नथी ने?" वशीसाहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. दुष्काळ आहे."

वशीसाहेबांनी तीन अटी घातल्या. हॉलची दारं-खिडक्या आतून बंद पाहिजेत. बाहेरचा एकही माणूस हॉलमध्ये दिसता कामा नये. आणि शनिवारी आठ वाजता ते स्वतः येऊन पाहणार. श्रीकांतने तिन्ही अटींना मान डोलावली आणि जाताना पेपरवेटकडे एकदा पाहून घेतलं.

एकोणीसशे शहाण्णव साल होतं. सुरतेच्या पांडेसरा या कारखान्यांच्या भागाच्या कडेला उभं राहिलेलं ते कॉलेज नवं होतं आणि अजून पुरतं झालेलंही नव्हतं. वर्गांना, जिन्याला, पाण्याच्या टाकीलासुद्धा दाते मिळाले होते आणि त्यांची नावं संगमरवरात कोरून लावली होती. हॉलच्या तीन भिंतींना तीन दाते मिळाले. स्टेजमागच्या चौथ्या भिंतीला मात्र कोणी मिळत नव्हता, कारण स्टेजमागे लावलेलं नाव कोणाला दिसणार, हा प्रश्न प्रत्येक शेठ विचारायचा. त्यामुळे तिथे भिंतच नव्हती. एक जुनी ताडपत्री होती, तिच्यापलीकडे मोकळं मैदान होतं आणि मैदानाला लागून खानदेशातून आलेल्या यंत्रमागवाल्यांच्या खोल्यांची लांबच लांब रांग होती.

शुक्रवारी लक्षात आलं, की कॉलेजकडे सिनेमाचा पडदा नाही. पुण्याच्या एका मंडळाने रिळांचे दोन डबे पाठवले होते, प्रोजेक्टर भाड्याने मिळाला होता, पण पडदा सगळ्यांनी गृहीत धरला होता. अशा वेळी तिसऱ्या वर्षाची छाया उभी राहिली. ती शहराच्या कडेच्या डिंडोली वस्तीतून यायची आणि चित्रपट मंडळाची चिटणीस होती.

"सर, सुरतमध्ये राहून कापडाची काय चिंता? माझे बाबा आणतील."

छायाचे बाबा म्हणजे दगा पाटील. वीस वर्षं माग चालवणारा माणूस. शनिवारी त्यांच्या मागांना सुट्टी होती. शेठला विचारून त्यांनी कोऱ्या कापडाचा एक अख्खा ताका, म्हणजे तागा, खांद्यावर टाकून आणला आणि स्टेजवर ठेवला. श्रीकांतने आनंदाने कात्री उचलली, तसा दगाभाऊंनी त्याचा हात धरला.

"कापायचा नाही, सर. कापलेला ताका रंगाईचा प्रोसेसवाला हातात धरत नाही. पुरा आणला, पुरा न्यायचा."

"पण हा शंभर मीटर आहे."

"एकशे दहा," दगाभाऊंनी दुरुस्ती केली.

मग कापड न कापता पडदा करायचं ठरलं. बांबूवरून ते वर-खाली फिरवलं, कडेला कड लावून छायाने आणि तिच्या मैत्रिणींनी धावते टाके घातले. पडदा झकास झाला. उरलेला ऐंशी-नव्वद मीटर कापडाचा ढीग मात्र स्टेजवर तसाच लोळत होता, आणि तो वशीसाहेबांसमोर बरा दिसेना. श्रीकांतला एकदम सुचलं. ताडपत्री काढून टाकावी, पडदा थेट त्या चौथ्या भिंतीच्या जागीच ताणून बांधावा आणि उरलेला ढीग मागच्या बाजूला, बाहेर मैदानात ठेवावा. पडदाही होईल आणि भिंतही होईल. या कल्पनेवर तो इतका खूश झाला, की त्याने ती दोनदा बोलून दाखवली. दगाभाऊ म्हणाले, की ताका बाहेर राहणार असेल तर तेही बाहेर राहणार, कारण आणलेल्या ताक्याजवळून हलायचं नसतं. त्यांनी पोतं पसरलं आणि ढिगाशेजारी बैठक मारली.

संध्याकाळी सातला साठेक विद्यार्थी आत जमले. श्रीकांतने स्वतः फिरून सगळ्या खिडक्या लावल्या, दोन्ही दारांना आतून कड्या घातल्या आणि त्या हलवून पाहिल्या. मग त्याने पाच मिनिटं प्रतिकाराची सहा लक्षणं सांगितली. मुलांनी सवयीने वह्या उघडल्या. दिवे मालवले, प्रोजेक्टर घरघरू लागला आणि ताक्यावर खानदेशातलं ऊन पडलं.

कापड कोरं होतं, पातळ होतं. आतून जे दिसत होतं तेच बाहेरूनही दिसत होतं, एवढा साधा विचार राज्यशास्त्राच्या माणसाला सुचला नाही. दगाभाऊ ताक्याकडे पाठ करून विडी ओढत बसले होते. समोरच्या खोलीतली शोभाबाई नळावर निघाली होती ती थबकली. तिने आधी ताक्याकडे पाहिलं, मग दगाभाऊंना विचारलं, की हे काय चाललंय. दगाभाऊंनी वळून पाहिलं आणि विडी विझवली. शोभाबाईने कळशी खाली ठेवली, दारात तोंड घालून दोघी-तिघींना हाक मारली. मागांना सुट्टी, सगळी रांग घरातच होती. पंधरा मिनिटांत पोती आली, गोधड्या आल्या, पाळण्यातली मुलं आली. गावच्या जत्रेतल्या तंबूत पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसून सिनेमा पाहिलेली ही माणसं, त्यांना यात काही वावगं वाटलं नाही.

आत श्रीकांतला यातलं काही माहीत नव्हतं. तो प्रोजेक्टरशी उभा होता, नजर पडद्यावर खिळलेली. मंडळाच्या पत्रावरून त्याला नुसती गोष्ट ठाऊक होती, माहितीपट तो स्वतःही आज पहिल्यांदाच पाहत होता. पडद्यावर फुफाट्याचा रस्ता होता, जीप होती आणि जीपच्या चाकांपुढे दीड-दोनशे बायका मांडी घालून बसल्या होत्या. घोषणा नाहीत, झेंडे नाहीत. कोणी पोराला पाजत होती, कोणी नुसतीच बसली होती. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यांवरून सावकाश फिरत गेला आणि एका तरुण बाईवर थांबला. वीस-बावीस वर्षांची, डोक्यावर पदर, डोळे थेट समोर. तिच्या त्या नजरेत राग नव्हता, विनंती तर नव्हतीच. आपण इथून उठणार नाही एवढंच तिला ठाऊक होतं. मुलांच्या हातातली पेनं थांबली.

आणि तेवढ्यात पडद्याच्या पलीकडून एका बाईचा आवाज आला.

"ती मी शे."

'ती मी आहे म्हणतेय,' छाया शेजारणीला म्हणाली. मग पलीकडे कुजबुज वाढली, कोणीतरी हसलं, कोणीतरी 'खरंच व' म्हणालं. पडद्यावरच्या चेहऱ्याशी, बाहेरच्या बाजूने, एक सावली आली. एक हात वर झाला. बोटं कापडाला टेकली आणि त्या तरुण गालावरून फिरू लागली. आतल्या मुलांना फक्त कापडातून उमटलेली बोटं दिसत होती आणि त्या बोटांखाली हलणारा चेहरा. असलं काही श्रीकांतने आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि एकाही पुस्तकात वाचलं नव्हतं.

मग चित्र बदललं. तहसीलदार जीपच्या पायरीवर उभा राहिला, घाम पुसला आणि म्हणाला, "तुमचं म्हणणं मी वर कळवतो. तुम्ही आता उठा." बायका उठल्या नाहीत. इथे पहिलं रीळ संपलं.

दिवे लागल्यावर श्रीकांत भानावर आला. पलीकडे माणसं होती. बाहेरची माणसं. घड्याळात पावणेआठ झाले होते आणि आठला वशीसाहेब येणार होते. मुलांना बसायला सांगून तो ताक्याची खालची कड उचलून सरपटत बाहेर गेला आणि उभा राहिला, तर समोर दीड-दोनशे माणसं मांडी घालून बसलेली. पुढे बायका, मागे पुरुष. सगळे त्याच्याकडे पाहत होते. श्रीकांतच्या डोळ्यांसमोर पितळी पेपरवेट आलं, नीला आली, नाशिकची सासू आली. त्याने खिशातून रुमाल काढला आणि घाम पुसला.

"हे पाहा, इथे असं बसता येणार नाही. कॉलेजचे नियम आहेत," तो म्हणाला. "तुमची इच्छा मी वर कळवतो. तुम्ही आता उठा."

कोणी उठलं नाही. मागून एक हसू आलं, ते पुढे पुढे सरकत आलं. पहिल्या ओळीतली एक बाई मात्र हसली नाही. पंचेचाळिशीची असेल. श्रीकांतने तिला ओळखलं. कॉलेजच्या मागच्या फाटकाजवळ निंबाखाली ती रोज साड्यांचा ढीग घेऊन बसायची आणि साड्यांचे सुटे धागे कापायची. दोन वर्षं तो त्या ढिगाला वळसा घालून जात होता. कधी कधी घाई असेल तर ओलांडूनही गेला होता. तिचं नाव अनुसया आहे, हे त्याला आज कळलं, तेही शेजारणीने तिला हाक मारली म्हणून.

"तहसीलदारबी हेच बोलला होता, मास्तर," अनुसया म्हणाली. "आस्संच घाम पुसून."

श्रीकांतने हातातल्या रुमालाकडे पाहिलं. तो इतका ओशाळला, की रुमाल कुठल्या खिशातून काढला होता तेच त्याला आठवेना. तिच्या चेहऱ्यावर सुरकुत्या होत्या, केस पांढरे व्हायला लागले होते, पण नजर तीच होती. आत्ताच आठ फूट उंच पाहिलेली.

"पुढं काय झालं ते आहे ना त्या डब्यात?" तिने विचारलं. "आम्ही केलं, पण पाहिलं नाही. तो फोटोवाला परत आलाच नाही कधी."

"आहे," श्रीकांत म्हणाला. "दुसरं रीळ आहे. लावतो."

तो पुन्हा ताक्याखालून आत शिरला. आठला दहा कमी होते, आणि नोकरी गेली तर गेली हा विचार त्याच्या मनात प्रथमच स्वच्छ आला. रीळ नीट बसलं.

बरोबर आठ वाजता वशीसाहेब पुढच्या दाराशी आले. दार बंद होतं. त्यांनी कडी वाजवली, मग थापा मारल्या. पण दारं बंद ठेवायचा हुकूम त्यांचाच होता आणि प्रोजेक्टरच्या घरघरीत आत काही ऐकू जात नव्हतं. दुसरं दारही बंद निघालं. एकही फट नाही हे पाहून त्यांना प्रथम समाधानच वाटलं असणार. मग ते इमारतीला वळसा घालून मागे गेले आणि मैदानाच्या कडेला उभे राहून समोर पाहू लागले. ते काही बोलणार इतक्यात अंधारातून एका बाईचा आवाज आला.

"ओ भाऊ, खाली बसा ना. मागच्यांना दिसत नाही."

गेल्या वीस वर्षांत वशीसाहेबांना कोणी असं सांगितलं नव्हतं. ते बसले. दगाभाऊंनी सरकून पोत्यावर जागा करून दिली आणि थोड्या वेळाने, पाय आखडले म्हणून उठताना, ताक्याचा ढीग उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. जरा सांभाळा, जमिनीवर मळतो, एवढंच ते म्हणाले. आता वशीसाहेबांना उठायचं म्हटलं तरी उठता येईना.

आत वेगळंच घडत होतं. दुसऱ्या रिळात त्या बायकांची दुसरी रात्र आली, थंडी आली, पोलिसांची गाडी आली. दर वेळी पलीकडून अनुसया हलक्या आवाजात काहीतरी सांगायची आणि आतल्यांना अर्धंच ऐकू यायचं. आधी छाया उठली आणि कड उचलून पलीकडे गेली. मग तिच्या मैत्रिणी गेल्या. मग मुलं एकेक करून वह्या बाकावर टाकून निघाली. चित्र उलटं दिसलं तर दिसलं, पण त्यांना ते तिच्याशेजारी बसून पाहायचं होतं. शेवटी हॉलमध्ये तीन दात्यांच्या भिंती, रिकामी बाकं आणि श्रीकांत एवढेच उरले. त्यालाही जायचं होतं, पण प्रोजेक्टर सोडता येत नव्हता. बायका तिसऱ्या दिवशीही बसलेल्याच होत्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अगदी शेवटी पडद्यावर काळ्या पाटीवर चार ओळी उमटल्या, त्या त्याला नुसत्या पांढऱ्या हलताना दिसल्या.

दिवे लावून तो बाहेर आला, तर अनुसयेभोवती विद्यार्थ्यांचा गराडा होता आणि बाजूला प्राचार्य वशीसाहेब पोत्यावर बसून, मांडीवरचा ताका दगाभाऊंच्या हातात परत देत होते. त्यांनी श्रीकांतकडे पाहिलं, उठून पँट झटकली आणि निघून गेले.

रविवारी सकाळी रिळांचे डबे पुण्याच्या बसने परत गेले आणि दुपारी श्रीकांतने माफीपत्र लिहायला घेतलं. चार वेळा लिहून फाडलं. नीलाने विचारलं, की नक्की कशाची माफी मागतोयस, आणि त्याला ते सांगता येईना. शेवटी तो सोमवारी रिकाम्या हाताने केबिनमध्ये गेला. ऑर्डर पेपरवेटखाली होती. सही नव्हती.

वशीसाहेबांनी हातातली फाइल मिटली.

"में कहेलुं के बहारनो कोई माणस हॉलमां न जोईए."

"हो साहेब."

"तो हॉलमां बहारनो कोई नहोतो." त्यांनी चष्मा काढला. "अंदरनो पण कोई नहोतो. नियम तो बराबर पळायो."

श्रीकांतने पेपरवेटकडे पाहिलं. वशीसाहेबांना ऑर्डरबद्दल बोलायचंच नव्हतं. त्यांची अडचण निराळी होती आणि ती त्यांनी जरा संकोचाने सांगितली. शेवटी पाटीवर काही लिहिलेलं आलं, तेव्हा भोवतालच्या बायका त्यांना म्हणाल्या, साहेब, तुम्ही शिकलेले दिसता, वाचा ना काय लिहिलंय. पलीकडून अक्षरं उलटी. एमए, पीएचडी माणूस, डोकं वाकडं करकरून पाहत राहिला आणि एक ओळ वाचता आली नाही. तोवर पाटी गेली. त्या बायकांनी काही म्हटलं नाही, पण त्यांचे चेहरे काही डोळ्यांपुढून जाईनात.

"शुं लख्युं हतुं?" त्यांनी विचारलं. "काम मळ्युं के नहीं ए लोकोने?"

श्रीकांतने ते वाचलं नव्हतं. छायाने वाचलं नव्हतं, कोणीच वाचलं नव्हतं. वाचता येण्याजोग्या बाजूला तो एकटाच होता, आणि तो रडत होता. हे त्याने साहेबांना तसंच सांगितलं. वशीसाहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं, बहुधा दोन वर्षांत प्रथमच, आणि खुर्ची मागे सारली.

दोघं मागच्या फाटकाने निंबाखाली आले. अनुसया साड्यांच्या ढिगाशी बसली होती, कात्री चालू होती. श्रीकांतने विचारलं, की अनुसयाबाई, त्या पाटीवर काय होतं ते आम्हाला कोणालाच कळलं नाही, शेवटी काय झालं तेवढं सांगता का.

"पाटीवर काय होतं, माले नाही माहीत," ती म्हणाली. "घडलं काय ते सांगते. पण असं उभ्याउभ्या नाही. बसा."

वशीसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. मधल्या सुट्टीची वेळ होती, वरच्या कठड्यावरून मुलं पाहत होती. ते खाली बसले. श्रीकांत त्यांच्या आधीच बसला होता.

अनुसयेने दोन-तीन धागे कापले. "तिसऱ्या दिवशी तहसीलदार जीपमधून उतरला," तिने सुरुवात केली. "तोवर नुसता पायरीवर उभा राहून बोलायचा. त्या दिवशी आमच्यासमोर येऊन असाच धुळीत बसला, तुमच्यावानी. मी त्याला अर्धी भाकर दिली. त्यानं खाल्ली. मग म्हणाला, सांगा. मग आम्ही सांगितलं."

शिपाई दोनदा बोलवायला आला आणि दोनदा परत गेला. काम कसं मिळालं, पाझर तलाव कुठे झाला, पुढे तो तहसीलदार बदलून जाताना बायका त्याला वेशीपर्यंत पोचवायला का गेल्या आणि ती स्वतः सुरतेला कशी आली, हे सगळं व्हायला दुपारचे दोन वाजले. दोघांच्याही अंगावर साड्यांचे रंगीत धागे चिकटले होते. ऑर्डरवर सही करायची राहून गेली, हे वशीसाहेबांना घरी पोचल्यावर आठवलं. श्रीकांतला ते मंगळवारी संध्याकाळी, नीलाने विचारलं तेव्हा आठवलं.